न्यू जर्सीच्या पानझडी जंगलात सापडलेली लाल टोपीची अळंबी : नेमकी ओळख कशी पटवावी?

पानगळ
गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस वादळी पाऊस झाला आणि शनिवारी सकाळी उघडीप मिळताच आम्ही सोअरलँड डोंगरावरच्या राखीव जंगलात फिरायला गेलो. हे जंगल पूर्णपणे पानझडी आहे. ओक, बीच, हिकरी आणि ट्यूलिप वृक्ष यांची दाटी आहे आणि मधूनमधून मोठाले काळे धोंडे आहेत. पायवाटेपासून सात-आठ पावलांवर, कुजलेल्या पानांच्या थरातून वर आलेल्या तीन लाल अळंब्या दिसल्या. लाल म्हणजे अगदी ओल्या कुंकवासारख्या. टोप्या सहा-सात सेंटिमीटर रुंद होत्या. एक अजून घुमटासारखी होती, तर दोन पसरट होऊन मध्ये किंचित खोलगट झाल्या होत्या. देठ पांढराशुभ्र होता आणि टोपीच्या खालच्या पात्याही पांढऱ्याच होत्या.

माझ्या सासूबाई सध्या सावंतवाडीहून आमच्याकडे आल्या आहेत. त्यांनी लांबूनच विचारले, "जवळ वारूळ आहे का?" वारूळ नाही असे सांगताच त्या म्हणाल्या, "मग ती आपली अळंबी नव्हे, हात लावू नकोस." मी मात्र तोपर्यंत एक उपटून कागदी पिशवीत ठेवली होती. खाण्याचा विचार मुळीच नाही. ती कोणती आहे एवढेच समजून घ्यायचे आहे. छायाचित्रांत रंग फारच भडक आला आहे, म्हणून शब्दांत वर्णन केले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओंजळ
लहानपणापासून ऐकत आले आहे की भडक रंगाची कुत्र्याची छत्री विषारी असते, पांढरी असेल तर चालते. शिवाय लाल अळंबी म्हटले की परीकथांच्या पुस्तकांतली ती पांढऱ्या ठिपक्यांची अळंबीच डोळ्यांसमोर येते. मी तुमचे वर्णन माझ्या भ्रमणध्वनीवरच्या एका ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपला दिले, तर त्यानेही 'अमानिटा मस्कारिया' असेच उत्तर दिले. मग प्रश्न सुटलाच की.

जुनाखडू
प्रश्न सुटलेला नाही. मी बरीच वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला येऊ लागल्यापासून तिथल्या जंगलांत अळंब्या पाहत हिंडतो, तेवढ्या आधारावर लिहितो.

आधी रंगाविषयी, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. लाल आणि विषारी यांचा काही संबंध नाही, तसाच पांढरा आणि निर्धोक यांचाही नाही. न्यू जर्सीच्या ओकच्या जंगलात उगवणाऱ्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी एक, अमानिटा बायस्पोरिजेरा, नखशिखांत पांढरी असते आणि ती खाऊन माणसे यकृत निकामी होऊन दगावली आहेत. उलट लाल टोपीच्या कितीतरी अळंब्या निरुपद्रवी आहेत. शिवाय हा रंग टिकत नाही. अनेक अळंब्यांतला लाल रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे दोन जोरदार सरी आल्या की टोपी गुलाबी होते आणि कधीकधी जवळजवळ पांढरीही पडते.

ठिपक्यांचेही तसेच आहे. अमानिटा मस्कारियाच्या टोपीवरचे पांढरे ठिपके हे टोपीचे अंग नसून कोवळ्या अळंबीला गुंडाळणाऱ्या आवरणाचे तुकडे असतात आणि तेही पावसात धुऊन जातात. म्हणून 'ठिपके नाहीत, अर्थात ती नव्हे' असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे त्या जातीचा पिवळ्या-नारिंगी छटेचा प्रकारच अधिक दिसतो, ही गोष्ट त्या अ‍ॅपला कळलेली दिसत नाही.

आता पानगळ यांना काही प्रश्न. देठावर कुठे कंकणासारखी पातळ झालर होती का? देठाच्या बुडाशी फुगीर गड्डा किंवा फाटलेल्या पिशवीसारखे काही होते का? टोपीखाली पात्याच होत्या, की स्पंजासारखी बारीक छिद्रे होती? पात्या पांढऱ्या होत्या, की पिवळसर? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देठ मोडला तेव्हा तो कसा मोडला?

छिद्रे असतील तर ती बोलीट गटातली अळंबी होय. ओकखाली लाल टोपीची आणि पिवळ्या छिद्रांची अशी एक जात तुमच्या भागात भरपूर येते. पात्या पिवळ्या, टोपीची कड पिवळी आणि बुडाशी पांढरी पिशवी असेल तर ती अमानिटा जॅकसोनाय असू शकते. पेराएवढी लहान, मेण चोपडल्यासारखी लालभडक अळंबी असेल तर हायग्रोसायबे. पण तुमच्या वर्णनावरून मला चौथ्याच गटाचा संशय येतो. आधी उत्तरे येऊ द्यावीत.

पानगळ
पात्याच होत्या, छिद्रे नव्हती, आणि त्या कडेपर्यंत पांढऱ्या होत्या. झालर दिसली नाही. देठ कागदी पिशवीतच तुटला आणि अगदी कट्‌कन तुटला. एकही दोरा निघाला नाही. पात्यांवरून बोट फिरवले तर त्या कुरडईसारख्या मोडून त्यांचा चुरा झाला. बुडाविषयी मात्र मला सांगता येणार नाही, कारण मी अळंबी वरून धरून उपटली आणि बुंधा मातीतच राहिला.

रानसय
मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात असल्यामुळे या धाग्यात लिहिण्याचा मोह आवरत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात सात्या आणि टेकोडे यांची वाट पाहिली जाते आणि बाजारात त्यांना मटणाच्या बरोबरीने भाव मिळतो. माझी आजी अळंबी निवडताना टोपीकडे शेवटी पाहत असे. आधी जागा, मग माती, मग देठ किती खोल गेला आहे ते पाहायचे. वारुळावरच्या सात्याचा देठ मुळासारखा जमिनीत लांब उतरतो आणि आजी तो काडीने उकरून पूर्ण काढल्याशिवाय टोपलीत टाकत नसे. पानगळ यांच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न मला म्हणूनच अगदी योग्य वाटला.

एक विचारायचे आहे. भाजीत चांदीचे नाणे किंवा लसणाची पाकळी टाकावी, ती काळी पडली तर अळंबी विषारी समजावी, असे गावात अजूनही सांगतात. यात काही तथ्य आहे का?

जुनाखडू
नाणे आणि लसूण यांत काडीचेही तथ्य नाही. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते. अमानिटामधील प्राणघातक द्रव्यांचा चांदीवर काहीही परिणाम होत नाही आणि शिजवल्यानेही ती नष्ट होत नाहीत. ही समजूत युरोपातही होती आणि तिने बळी घेतले आहेत. गोगलगाय किंवा खार खाते म्हणून माणसाला चालेल, हीही तशीच एक समजूत आहे.

पानगळ यांच्या उत्तरातले 'कट्‌कन' आणि 'कुरडईसारख्या' हे दोन शब्द वाचून माझी जवळजवळ खात्री झाली. बहुतेक अळंब्यांचा गर लांबट, दोऱ्यांसारख्या पेशींचा बनलेला असतो आणि म्हणून देठ सोलल्यासारखा उभा फाटतो. रुसुला नावाच्या वंशात मात्र या दोऱ्यांच्या मधोमध गोल, फुग्यासारख्या पेशींचे पुंजके असतात. त्यामुळे गराला ताण सहन होत नाही आणि देठ फळ्यावरच्या खडूसारखा तुटतो. माझे टोपणनाव या ओळखखुणेवरून घेतलेले नाही, पण आता ते शोभते आहे. झालर नाही, पिशवी नाही, दूध पाझरत नाही आणि पात्या ठिसूळ आहेत, एवढे जुळले की रुसुला. पर्सून या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये या वंशाला हे नाव दिले आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थच 'लालसर' असा आहे.

यातला 'पिशवी नाही' हा मुद्दा तुमच्या बाबतीत अजून सिद्ध व्हायचा आहे. अळंबी कधीही वरून उपटू नये. चाकूने भोवतालची माती सैल करून बुडासकट काढावी. अमानिटाची सर्वांत बोलकी खूण जमिनीखाली असते आणि नेमकी तीच आपण मागे ठेवून येतो. जमल्यास पुन्हा त्या जागी जाऊन यावे, उद्यानाचे नियम वाचून मगच उकरावे, आणि दहा-बारा पावलांच्या परिघात कोणती झाडे आहेत ते लिहून आणावे.

झाडे का, ते सांगतो. रुसुला कुजक्या पानांवर जगत नाही. तिचे कवकजाल, म्हणजे जमिनीतल्या बारीक तंतूंचे जाळे, जिवंत झाडाच्या कोवळ्या मुळांना मोज्यासारखे वेढून बसते. ते झाडाला पाणी आणि खनिजे पुरवते आणि झाड तिला साखर देते. हा संसार सर्वच झाडांशी जमत नाही. ओक, बीच, बर्च, पाइन यांच्याशी जमतो आणि आपल्याकडे सालाशी जमतो. सागाच्या मुळांवरची बुरशी निराळ्या प्रकारची असते, तिला अशा छत्र्या येत नाहीत. म्हणूनच मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि झारखंडच्या सालवनांत लाल रुसुला विपुल आढळतात, पण विदर्भाच्या सागवनात शोधून दमायला होते.

म्युनिकर
मी जर्मनीत राहतो आणि इथे रुसुलाला टॉइब्लिंग म्हणतात. लाल, तिखट जातीचे नावच स्पाइटॉइब्लिंग, म्हणजे ओकारी आणणारी, असे आहे. इथल्या जाणत्या मंडळींची एक सोपी रीत आहे : टॉइब्लिंग असल्याची खात्री झाल्यावर पातीचा कणभर तुकडा जिभेच्या टोकावर चावून लगेच थुंकून टाकायचा, तिखट लागला तर सोडून द्यायचा आणि सौम्य लागला तर तो खाण्याजोगा. पानगळ यांनी हे करून पाहिले तर ओळख लवकर पटेल असे वाटते. स्पाइटॉइब्लिंग हिरव्या मिरचीच्या बीसारखी काही क्षण थांबून झोंबते.

जुनाखडू
म्युनिकर, ही रीत मला ठाऊक आहे आणि जंगलात मीही ती वापरतो. तरीही या धाग्यावर तिची शिफारस करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले असे की ही रीत 'टॉइब्लिंग असल्याची खात्री झाल्यावर' या अटीवर उभी आहे आणि नवशिक्याला नेमकी तीच खात्री नसते. पानगळ यांनी बूड अजून पाहिलेलेही नाही. दुसरे कारण अधिक मोठे आहे. तो नियम मध्य युरोपातल्या जातींच्या अनुभवावरून तयार झाला आहे आणि बाहेर तो लागू पडतोच असे नाही. जपान, चीन आणि तैवान येथे रुसुला सबनायग्रिकन्स नावाची जात आढळते. ती लाल नसून राखी-तपकिरी असते, पण तिने स्नायूंचे अक्षरशः विघटन होऊन माणसे मेली आहेत. तिचे विषद्रव्य जपानी संशोधकांनी २००९ मध्ये वेगळे करून दाखवले. एका भूभागातला नियम दुसऱ्या भूभागात नेला की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

हेच आपल्यासारख्या परदेशात आलेल्या लोकांच्या बाबतीत अधिक खरे आहे. आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेल्या कुटुंबांनी आपल्या देशातली भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी समजून अमानिटा फॅलॉइडीस खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत वारंवार येतात. दोन्ही बुडाशी पिशवीतून वर येतात आणि कोवळ्या वयात सारख्याच दिसतात. फरक असा की पेंढ्यावरच्या अळंबीच्या बीजाणूंचा, म्हणजे पात्यांतून झडणाऱ्या भुकटीचा, ठसा गुलाबी उमटतो आणि तिला झालर नसते, तर दुसरीचा ठसा पांढरा असतो आणि झालरही असते. मायदेशी ती दुसरी अळंबी त्यांच्या पाहण्यातच नव्हती, त्यामुळे फरक पाहण्याची गरज कधी पडली नव्हती. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. जंगल बदलले होते. वारुळावरच्या अळंबीचा वंश, टर्मिटोमायसीस, आफ्रिका आणि आशियातच आढळतो, कारण तिला शेतीसारखी पोसणारी वाळवी अमेरिकेत नाहीच. अशा वेळी 'वारूळ नाही, तर हात लावू नकोस' म्हणणाऱ्या सासूबाईंनी आपल्या ज्ञानाची सीमा अचूक ओळखली, असे मी म्हणेन.

म्युनिकर
मान्य आहे. सबनायग्रिकन्सविषयी मला माहिती नव्हती. इथेही अधिकृत अळंबी-सल्लागारांना टोपली दाखवण्याची सोय आहे आणि तेसुद्धा बुडाशिवाय आणलेला नमुना पाहण्यास नकार देतात, हे लिहायचे राहिले होते.

कोकणकडा
फक्त एक जोड. आमच्या डिचोलीकडे वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथे ती सातेरी देवीचे रूप म्हणून पुजली जाते. तिच्यावर येणारी अळमी काढताना रोयण फोडायची नाही, असा जुन्या माणसांचा दंडक असे. जागा पाहून अळंबी ओळखायची आणि जागा राखायची, या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून आल्या असाव्यात.

पानगळ
काल संध्याकाळी पुन्हा जाऊन आलो. या वेळी सासूबाईही सोबत होत्या. उरलेल्या दोनपैकी एक अळंबी गोगलगायींनी निम्मी खाल्ली होती आणि दुसरी चांगली होती. माती उकरून पाहिली : पिशवी नाही, गड्डा नाही, देठाचे टोक साधे, गोलसर आणि पांढरे आहे. टोपीची लाल साल कडेपासून सोलून पाहिली तर जवळजवळ अर्ध्यापर्यंत सहज निघाली आणि खालचा गर फिकट गुलाबी दिसला. आजूबाजूला दोन मोठे बीच वृक्ष, एक लाल ओक आणि एक पडलेले, शेवाळलेले खोड होते.

सासूबाईंना तिथून चार पावलांवर एक विचित्र वनस्पती दिसली. ती मेणबत्तीसारखी पांढरीफटक होती, पाने नव्हती आणि प्रत्येक दांड्यावर मान खाली घातलेले एकच फूल होते. त्यांना तीही अळंबीच वाटली. याचा काही संबंध आहे का?

बीजाणूंचा ठसाही घेतला. टोपी काचेवर उपडी ठेवून वर वाटी पालथी घातली. सकाळी काच काळ्या कागदावर धरली तेव्हा दुधासारखा पांढरा ठसा स्पष्ट दिसला. पांढऱ्या कागदावर काहीच कळत नव्हते.

जुनाखडू
संबंध आहे आणि फार सुंदर आहे. ती अळंबी नसून सपुष्प वनस्पती आहे, मोनोट्रोपा युनिफ्लोरा. तिच्यात हरितद्रव्य नसते. ती आपले अन्न जमिनीतल्या बुरशीकडून घेते आणि तिने निवडलेली बुरशी म्हणजे नेमकी रुसुलाच्या कुळातली. बीच सूर्यप्रकाशापासून साखर बनवते, ती साखर रुसुलाकडे जाते आणि रुसुलाकडून ही पांढरी वनस्पती ती उचलते, मोबदल्यात काही देते असे आजवर आढळलेले नाही. हिमालयातही ती उगवते. चार पावलांवर ती असणे म्हणजे पुरावा नव्हे, पण तिथल्या मातीत रुसुला कुळातली बुरशी नांदते आहे हे ती नक्कीच सांगते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा.

आता जातीविषयी. लाल टोपी, पांढरा देठ, शुभ्र ठसा आणि सहज सुटणारी साल ही लक्षणे रुसुलाच्या एमेटिका गटाकडे बोट दाखवतात. पुष्कळ पुस्तके इथे थांबून 'रुसुला एमेटिका' लिहून मोकळी होतात आणि माझ्या मते ते चूक आहे. खरी एमेटिका सूचिपर्णी झाडांखालच्या, शेवाळाने भरलेल्या दलदलीत वाढते. युरोपात बीचखाली येणारी तिची बहीण निराळी मानली जाते आणि पूर्व अमेरिकेच्या मिश्र जंगलात, कुजलेल्या लाकडाच्या आसपास येणाऱ्या जातीला शॅफर यांनी १९७५ मध्ये रुसुला सिल्व्हिकोला असे वेगळे नाव दिले. तुमचे ते शेवाळलेले खोड पाहता मी तिच्या बाजूने झुकेन. पण सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंवरचे काटे आणि त्यांना जोडणारी जाळी पाहिल्याशिवाय ते ठामपणे म्हणता येत नाही, आणि या वंशात जनुकीय तपासणी सुरू झाल्यापासून एका नावाखाली अनेक जाती निघत आहेत.

एक चाचणी घरी करता येईल. हिराकसाचा खडा ओला करून देठावर घासावा. डाग गडद हिरवा पडला, ठसा पिवळा असला आणि अळंबीला सुकटीसारखा वास येत असला तर ती झेरॅम्पेलिना गटातली. तुमचा ठसा पांढरा असल्यामुळे ती शक्यता आधीच बाद झाली आहे. डाग फिकट गुलाबी पडेल असा माझा अंदाज आहे.

ओंजळ
आता माझा लाल रंगाचा आग्रह मागे घेते. पण समजा कोणी चुकून खाल्लीच, तर काय करावे?

जुनाखडू
एमेटिका गटातल्या अळंबीने साधारण अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत मळमळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत माणूस सावरतो. अधिक भीती उशिरा सुरू होणाऱ्या त्रासाची. खाल्ल्यानंतर सहा तास किंवा त्याहून अधिक काळ काहीच न होता मग उलट्या लागल्या, तर प्राणघातक अमानिटाचा संशय घ्यावा, आणि मध्ये बरे वाटू लागले तरी रुग्णालयातून घरी येऊ नये, कारण त्याच काळात यकृताची हानी चाललेली असते. अमेरिकेत विषबाधा सल्ला केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ हा चोवीस तास चालू असतो; त्रास सुरू होण्याची वाट न पाहता फोन करावा. उरलेली अळंबी, साफ करताना टाकलेले तुकडेसुद्धा, कागदी पिशवीत जपून न्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचा चिखल होतो आणि मग ओळख पटवणे कठीण जाते.

पानगळ
हिराकस बागकामाच्या दुकानात मिळाले. डाग फिकट गुलाबी पडला.

नमुना मंद पंख्यापुढे वाळवून कागदी पाकिटात घातला आहे आणि न्यू जर्सी मायकॉलॉजिकल असोसिएशन या अळंबी-अभ्यासकांच्या संस्थेच्या पुढच्या सहलीत तो दाखवणार आहे. पाकिटावर तारीख, जागा, 'दोन बीच, एक लाल ओक, पडलेले खोड' आणि 'ठसा पांढरा' असे लिहिले आहे. नावाच्या ठिकाणी 'रुसुला, बहुधा सिल्व्हिकोला' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले. सासूबाईंनी मग पेन मागून घेतले आणि खाली देवनागरीत एक ओळ जोडली : 'जवळ वारूळ नाही.'